पोलिश निर्वासित वसाहत, वळिवडे

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, मिरज–कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे (जि. कोल्हापूर, महाराष्ट्र राज्य) या गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात असलेली पोलिश निर्वासितांची वसाहत. सोव्हिएट संघाने १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या आणि पुढे इराणमार्गे बाहेर पडलेल्या लोकांपैकी सु. ५,००० जणांना येथे आश्रय मिळाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेल्या वसाहतींत ही सर्वांत मोठी होय.

वसाहतीचे आयुष्य जेमतेम पाच वर्षांचे होते. तथापि विसाव्या शतकातील बहुराष्ट्रीय साम्यवादी राज्याच्या इतिहासातील एका मूलभूत प्रश्नाशी तिचा निकटचा संबंध आहे. माणसाचे राष्ट्रीयत्व कोण ठरवितो, तो स्वतः, त्याचा समाज की राज्यसंस्था, हा तो प्रश्न. वळिवड्यास आलेल्या लोकांना थोड्या वर्षांच्या अवधीत एका राज्याचे नागरिकत्व गमवावे लागले, दुसऱ्याचे नागरिकत्व सक्तीने घ्यावे लागले आणि अखेरीस आपले मूळ गाव तिसऱ्याच सीमारेषेपलीकडे गेलेले पाहावे लागले. या सर्व काळात स्वतःस पोलिश म्हणविण्याचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. त्यामुळे वसाहतीचा इतिहास समजण्यास सोव्हिएट राष्ट्रीयत्व-धोरणाची पार्श्वभूमी पाहणे आवश्यक ठरते.

सोव्हिएट राष्ट्रीयत्व-धोरण : ३० डिसेंबर १९२२ रोजी स्थापन झालेला सोव्हिएट संघ हा शंभरांहून अधिक भाषिक-वांशिक गटांचे राज्य होता. झारशाही रशिया ‘राष्ट्रांचा तुरुंग’ होता, अशी टीका करीत बोल्शेव्हिक सत्तेवर आले होते; म्हणून रशियनेतर समाजांना नव्या राज्यात मानाचे स्थान देणे त्यांना तत्त्वतः व व्यवहारतःही आवश्यक होते. जोसेफ स्टालिन (१८७८–१९५३) याने १९१३ मध्ये लिहिलेल्या निबंधात समान भाषा, समान प्रदेश, समान आर्थिक जीवन आणि समान संस्कृतीतून व्यक्त होणारी मनोघडण ही राष्ट्राची लक्षणे सांगितली होती. यांपैकी प्रदेश या लक्षणास सोव्हिएट व्यवस्थेत विशेष महत्त्व आले. मोठ्या गटांना संघप्रजासत्ताके, त्यांहून लहान गटांना स्वायत्त प्रजासत्ताके व स्वायत्त प्रदेश आणि विखुरलेल्या गटांना राष्ट्रीय जिल्हे व ग्रामसोव्हिएटे देण्यात आली.

१९२३ पासून ‘मूळनिवासीकरणा’चे धोरण अवलंबिण्यात आले. त्यानुसार स्थानिक कारभार, शाळा, न्यायालये व वृत्तपत्रे त्या त्या गटाच्या भाषेत चालवावयाची आणि त्याच गटातून पक्षकार्यकर्ते तयार करावयाचे, असे ठरले. स्वतःची लिपी नसलेल्या अनेक भाषांना लिपी मिळाली, पाठ्यपुस्तके तयार झाली, नाट्यगृहे निघाली. या संस्कृतीचे रूप राष्ट्रीय परंतु आशय समाजवादी असावा, असे त्यामागील सूत्र होते. भाषा कोणती वापरावी याची मोकळीक होती. त्या भाषेत काय बोलावे याची मात्र नव्हती.

डिसेंबर १९३२ मध्ये अंतर्गत पारपत्राची पद्धत सुरू झाली आणि पारपत्रात राष्ट्रीयत्वाचा स्वतंत्र रकाना आला. सोव्हिएट कायद्यात नागरिकत्व आणि राष्ट्रीयत्व या अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या : नागरिकत्व सर्वांचे एक, सोव्हिएट, राष्ट्रीयत्व मात्र रशियन, युक्रेनियन, ज्यू, पोलिश, उझबेक असे वेगवेगळे. ज्या नोंदीमुळे एखाद्या गटास शाळा व वृत्तपत्र मिळे, तीच नोंद पुढे त्या गटातील माणसे हुडकून काढण्यासही उपयोगी पडली.

सोव्हिएट संघातील पोलिश अल्पसंख्य : १९२१ च्या रिगा तहाने पोलंड व सोव्हिएट प्रदेश यांची सीमा ठरली, तेव्हा पोलिश भाषकांचा एक मोठा समूह सीमेच्या पूर्वेस राहिला. १९२६ च्या जनगणनेत सोव्हिएट संघात सु. ७,८२,००० लोकांची नोंद पोलिश म्हणून झाली होती. त्यांची वस्ती मुख्यत्वे युक्रेन व बेलोरशिया या प्रजासत्ताकांच्या पश्चिम भागांत होती. त्यांच्यासाठी युक्रेनमध्ये १९२५ साली आणि बेलोरशियात १९३२ साली पोलिश राष्ट्रीय जिल्हे स्थापन करण्यात आले. पहिल्यास यूलियान मार्खलेफ्स्की (१८६६–१९२५) व दुसऱ्यास फेलिक्स जेर्झिन्स्की (१८७७–१९२६) या पोलिश वंशाच्या साम्यवादी नेत्यांची नावे देण्यात आली. जेर्झिन्स्की हा सोव्हिएट गुप्त पोलीस दलाचा संस्थापक होता. पोलिश शाळा, वृत्तपत्रे व ग्रामसोव्हिएटे यांच्याद्वारे एक नमुनेदार समाजवादी पोलिश समाज घडवावा आणि त्याचे आकर्षण सीमेपलीकडील पोलंडमधील श्रमिकांना वाटावे, असा या प्रयोगाचा हेतू होता.

हा हेतू सफल झाला नाही. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या पोलिश शेतकऱ्यांनी सामुदायिक शेतीस कडवा विरोध केला. १९३० नंतर जर्मनी व पोलंड यांविषयीचा संशय वाढत गेला, तसा सीमेवरील पोलिश समाज हा आदर्श न राहता सुरक्षेस असलेला धोका ठरला. युक्रेनमधील जिल्हा १९३५ मध्ये व बेलोरशियातील जिल्हा त्यानंतर दोन-तीन वर्षांत रद्द झाला. १९३६ मध्ये युक्रेनच्या सीमाभागातील हजारो पोलिश व जर्मन कुटुंबे कझाकस्तानात हलविण्यात आली. ११ ऑगस्ट १९३७ रोजी गुप्त पोलीस खात्याने काढलेल्या ००४८५ क्रमांकाच्या आदेशाने तथाकथित ‘पोलिश कारवाई’ सुरू झाली. खात्याच्याच नोंदींप्रमाणे १९३८ च्या अखेरीपर्यंत या कारवाईत १,३९,८३५ जणांना शिक्षा झाल्या. त्यांपैकी १,११,०९१ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा झालेले सर्वच पोलिश नव्हते, तथापि बहुसंख्य पोलिश होते. बारा वर्षांपूर्वी ज्या ओळखीस राज्याने उत्तेजन दिले, तीच आता अपराधाचा पुरावा ठरली. याच सुमारास अतिपूर्वेकडील कोरियन लोकांना मध्य आशियात हलविण्यात आले (१९३७). पुढे व्होल्गा खोऱ्यातील जर्मन (१९४१), चेचेन व इंगूश आणि क्रिमियातील तातार (१९४४) यांच्याही वाट्यास हीच गत आली.

पूर्व पोलंडचे विलीनीकरण व हद्दपारी : २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी व सोव्हिएट संघ यांच्यात झालेल्या अनाक्रमण करारास पोलंडच्या वाटणीविषयीचे गुप्त कलम जोडलेले होते. १ सप्टेंबर रोजी जर्मनीने पश्चिमेकडून व १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएट संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएट ताब्यात आलेल्या सु. २,००,००० चौ. किमी. प्रदेशात सु. १.३ कोटी लोक राहत होते. त्यांत युक्रेनियन, पोलिश, बेलोरशियन व ज्यू असे चार प्रमुख समाज होते.

पोलंड हेही बहुराष्ट्रीय राज्यच होते. १९३१ च्या जनगणनेत पोलिश ही मातृभाषा सांगणारे सु. ६९ टक्के होते; उरलेल्या जवळजवळ तृतीयांश लोकांना राज्यात बरोबरीचे स्थान मिळाल्याची भावना नव्हती. पूर्वेकडील प्रांतांत पोलिश सरकारने माजी सैनिकांना जमिनी देऊन वसविले होते आणि या वसाहतकऱ्यांविषयी तेथील युक्रेनियन व बेलोरशियन शेतकऱ्यांत असंतोष होता. सोव्हिएट सत्तेने आपल्या आक्रमणाचे समर्थन या बांधवांच्या मुक्ततेसाठी उचललेले पाऊल असे केले. नोव्हेंबर १९३९ मध्ये हा प्रदेश युक्रेनियन व बेलोरशियन प्रजासत्ताकांत विलीन करण्यात आला आणि २९ नोव्हेंबरच्या हुकुमाने तेथील रहिवाशांवर सोव्हिएट नागरिकत्व लादण्यात आले.

त्यानंतर चार टप्प्यांत सामूहिक हद्दपारी झाली. १० फेब्रुवारी १९४० च्या पहिल्या टप्प्यात वसाहतकरी माजी सैनिक व वनरक्षक यांची कुटुंबे उचलून उत्तर रशिया, उरल व सायबीरिया या भागांत लाकूडतोडीच्या कामांवर पाठविण्यात आली. १३ एप्रिलच्या टप्प्यात अटकेत असलेले सैनिकी अधिकारी, पोलीस, अधिकारी व जमीनदार यांच्या कुटुंबीयांना कझाकस्तानात पाठविले गेले. यांपैकी अनेकींचे पती त्याच सुमारास कातीन व इतर ठिकाणी मारले जात होते. ५ मार्च १९४० च्या निर्णयानुसार सु. २२,००० पोलिश कैद्यांना ठार करण्यात आले. जून-जुलैचा तिसरा टप्पा जर्मनव्याप्त भागातून पळून आलेल्या निर्वासितांचा होता व त्यांत ज्यू बहुसंख्य होते. चौथा टप्पा मे-जून १९४१ मध्ये, जर्मन आक्रमणाच्या ऐन तोंडावर झाला. परागंदा पोलिश वर्तुळांत हद्दपार झालेल्यांची संख्या दीर्घकाळ दहा लाखांहून अधिक मानली जात असे. १९८९ नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएट कागदपत्रांत चार टप्प्यांची एकूण संख्या सु. ३,२०,००० आढळते. अटक झालेले, युद्धकैदी व सक्तीने लाल सैन्यात भरती केलेले लोक यांहून वेगळे होत.

कुटुंबांना आवराआवर करण्यास बहुधा अर्ध्या-एक तासाचा अवधी मिळे. मालवाहू डब्यांतून काही आठवड्यांचा प्रवास घडे. उत्तरेकडील वस्त्यांत तुटलेल्या लाकडाच्या प्रमाणात भाकरी मिळत असे. म्हातारी माणसे व लहान मुले यांच्यात मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते.

नागरिकत्वाचा प्रश्न : २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएट संघावर आक्रमण केल्याने परिस्थिती पालटली. लंडन येथील परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल व्वादिस्वाफ शिकोर्स्की (१८८१–१९४३) आणि सोव्हिएट राजदूत इव्हान मैस्की यांच्यात ३० जुलै १९४१ रोजी करार झाला. त्यान्वये सोव्हिएट प्रदेशातील पोलिश नागरिकांना ‘माफी’ देण्यात आली व जनरल व्वादिस्वाफ अँडर्स (१८९२–१९७०) यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभारण्याचे ठरले. कोणताही गुन्हा न केलेल्यांना माफी मिळावी, यातील विसंगती पोलिश लोकांना बोचत राहिली.

तथापि पोलिश नागरिक म्हणजे कोण, यावर लवकरच वाद उपस्थित झाला. पोलिश सरकारच्या मते १९३९ पूर्वी पोलंडचे नागरिक असलेले सर्व, मग ते वंशाने पोलिश असोत, युक्रेनियन असोत वा ज्यू, पोलिश नागरिक होते. १ डिसेंबर १९४१ च्या सोव्हिएट निवेदनाने ही भूमिका नाकारली. विलीन प्रदेशातील युक्रेनियन, बेलोरशियन व ज्यू हे सोव्हिएट नागरिकच होत; केवळ वंशाने पोलिश असलेल्यांना सवलत म्हणून पोलिश नागरिक मानण्यात येईल, असे त्यात म्हटले होते. परिणामी एकाच गावातून, एकाच गाडीतून हद्दपार झालेल्या शेजाऱ्यांपैकी एकास सैन्यात वा निर्वासितांच्या तांड्यात जागा मिळे आणि दुसऱ्यास बहुधा नाकारली जाई. १६ जानेवारी १९४३ रोजी ही सवलतही काढून घेण्यात आली. मागे राहिलेल्या पोलिश लोकांवर सोव्हिएट पारपत्रे घेण्याची सक्ती झाली व नकार देणाऱ्यांना तुरुंगवास घडला. कातीन येथील थडगी उघडकीस आल्यावर २५ एप्रिल १९४३ रोजी सोव्हिएट संघाने पोलिश सरकारशी असलेले संबंधच तोडले.

तत्पूर्वी, १९४२ च्या मार्च-एप्रिल व ऑगस्ट या महिन्यांत, सु. १,१५,००० लोक मुख्यत्वे कॅस्पियन समुद्रावरील क्रास्नोव्होद्स्क बंदरातून इराणमधील पहलवी (सध्याचे बंदर-ए-अंझली) येथे पोहोचले होते. त्यांपैकी सैनिक वगळता उरलेल्या सु. ३७,००० ते ४०,००० नागरिकांना युद्ध संपेपर्यंत कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न ब्रिटिश व पोलिश सरकारांपुढे होता. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड, लेबानन, पॅलेस्टाइन व भारत येथे त्यांची सोय करण्यात आली.

भारतातील आगमन : भारतात सर्वप्रथम अनाथ मुले आली. १९४२ च्या वसंत ऋतूत अश्काबादहून इराणमार्गे मोटारींनी निघालेली मुले काही काळ मुंबईत वांद्रे येथे राहिली. नंतर नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी (१८९५–१९६६) यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसाहत उभारली. कुटुंबांसाठी मोठ्या जागेची गरज होती. त्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची निवड झाली. हवामान समशीतोष्ण, लोहमार्ग जवळ व पंचगंगेमुळे पाण्याची सोय, अशा या जागेच्या जमेच्या बाजू होत्या. छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते व गादीवर अल्पवयीन वारस असल्याने संस्थानचा कारभार त्या वेळी राजप्रतिनिधी मंडळाच्या हाती होता.

१९४३ च्या मध्यापासून निर्वासितांचे तांडे तेहरान, आवाझ, कराची या मार्गाने कोल्हापुरास येऊ लागले. वसाहतीचा खर्च परागंदा पोलिश सरकारच्या नावे पडे. भारत सरकारचे निर्वासितविषयक अधिकारी देखरेख करीत. अंतर्गत कारभार मात्र पोलिश लोकांकडे होता. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत एउगेनिउश बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी, पोलिश रेडक्रॉसच्या भारतातील प्रतिनिधी, कीरा बानासिन्स्का यांनी या कामी पुढाकार घेतला.

वसाहतीची रचना : कौलारू छपरांच्या लांबट बराकींच्या ओळी, मधून आखलेले रस्ते आणि प्रत्येक कुटुंबास खोल्या, स्वयंपाकाची जागा व पुढे ओसरी, असे वसाहतीचे स्वरूप होते. सायबीरियात वर्षानुवर्षे सामायिक बराकींत काढलेल्या कुटुंबांना येथे प्रथमच स्वतःचे दार मिळाले. ओसरीपुढे फुलझाडे व भाज्या लावण्याची प्रथा लवकरच पडली. चर्च, रुग्णालय, अनाथालय, सहकारी दुकाने, कार्यशाळा, नाट्यगृह व चित्रपटगृह यांमुळे वसाहतीस एका लहानशा पोलिश गावाचे रूप आले. क्षयाने व अशक्तपणाने ग्रासलेल्यांची व्यवस्था पाचगणी येथे केलेली होती. कर्ते पुरुष बहुतेक सैन्यात होते. इटलीतील माँते कासीनोच्या लढाईत (मे १९४४) लढलेल्या अँडर्स यांच्या सैनिकांची अनेक कुटुंबे वळिवड्यास होती. घर चालविणे, शिकविणे, दुकाने व कार्यशाळा सांभाळणे ही कामे मुख्यतः स्त्रियांनी केली.

शिक्षण व सांस्कृतिक जीवन : वसाहतीच्या जीवनाचा केंद्रबिंदू शाळा हा होता. बालवर्गापासून उच्च माध्यमिक शिक्षणापर्यंत पोलिश माध्यमाच्या शाळा येथे होत्या. हद्दपारीत दोन-तीन वर्षांचे शिक्षण बुडालेली, रशियन शाळांत घातलेली वा पोलिश लिहिता न येणारी मुले या शाळांत आली. प्रारंभी पुस्तकांची फार टंचाई होती. पुढे परागंदा पोलिश संस्थांनी जेरूसलेम येथे छापलेली पाठ्यपुस्तके मिळू लागली. पोलिश भाषा, इतिहास व भूगोल या विषयांवर विशेष भर असे. ज्या देशाचा नकाशा मुले गिरवीत होती, त्याच्या सीमा त्याच काळात परिषदांत बदलल्या जात होत्या.

बालवीर-वीरबालांची चळवळ वसाहतीत अत्यंत प्रभावी होती. ३ मे (१७९१ च्या संविधानाचा दिन) व ११ नोव्हेंबर (१९१८ चा स्वातंत्र्यदिन) हे राष्ट्रीय दिवस, तसेच नाताळ व ईस्टर हे सण थाटाने साजरे होत. लोकनृत्ये, नाटके व समूहगीते यांचे कार्यक्रम होत. भारतातील पोलिश लोकांसाठी पोलक व इंद्याख (भारतातील पोल) हे नियतकालिकही निघत असे.

येथे सोव्हिएट प्रयोगाशी असलेला भेद लक्षणीय आहे. युक्रेन व बेलोरशियातील पोलिश जिल्ह्यांत प्रदेश, कार्यालये व भाषेचे अधिकार होते. परंतु धर्म व इतिहास यांविषयीचे स्वातंत्र्य नव्हते. वळिवड्यात प्रदेश नव्हता, सत्ता नव्हती, निश्चित भविष्यही नव्हते. परंतु काय शिकवावे व काय साजरे करावे, हे समाज स्वतः ठरवीत होता. एका पिढीचे पोलिश राष्ट्रीयत्व घडविण्यात दुसरा मार्ग अधिक परिणामकारक ठरला. मात्र असा आत्मनिर्भर समाज काहीसा बंदिस्तही होतो. वसाहतीतील इतिहासशिक्षणात पूर्व पोलंडमधील युक्रेनियन व बेलोरशियन शेजाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना फारसे स्थान असणे शक्य नव्हते.

स्थानिक जनतेशी संबंध : वसाहतीच्या गरजांमुळे आसपासच्या गावांतील दूधवाले, भाजीवाले, शिंपी व व्यापारी यांचा तेथे नित्य राबता असे. मुले व्यवहारापुरती मराठी शिकली. कोल्हापूरच्या बाजारपेठेत पोलिश स्त्रिया हे परिचयाचे दृश्य होते. काही पोलिश तरुणींनी भारतीयांशी विवाह केले व त्या येथेच राहिल्या. निर्वासितांना आश्रय देणारा देश त्या वेळी स्वतःच स्वातंत्र्यासाठी झगडत होता. कोल्हापूर संस्थानातही माधवराव बागल प्रभृतींनी स्थापिलेल्या प्रजापरिषदेची जबाबदार राज्यपद्धतीची चळवळ चालू होती. ब्रिटिशांच्या साहाय्यावर अवलंबून असलेल्या निर्वासितांना या चळवळींत भाग घेता येण्याजोगा नव्हता. तथापि भारतीय राष्ट्रवादाशी पोलंडचे नाते जोडणाऱ्या काही व्यक्ती होत्या. महात्मा गांधींनी ‘उमादेवी’ असे नाव दिलेल्या वांदा दिनोव्स्का (१८८८–१९७१) यांनी निर्वासित मुलांना भारतीय संस्कृतीचा परिचय करून दिला आणि भारतीय ग्रंथांची पोलिश भाषांतरे प्रसिद्ध करणारी पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालविली. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रिडमन (भारतानंद) यांनी औंध संस्थानातील ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात पूर्वीच महत्त्वाचा भाग घेतला होता.

वसाहतीचे विसर्जन : फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेने पोलंडची पूर्व सीमा स्थूलमानाने कर्झन रेषेप्रमाणे मान्य केली. वळिवड्यातील बहुतेकांची गावे त्यामुळे कायमची सोव्हिएट संघात गेली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी लंडनमधील सरकारची मान्यता काढून वॉर्सातील साम्यवादीप्रधान सरकारला दिली. ज्या सरकारच्या नावाने वसाहत चालत होती, तेच आता नाहीसे झाले. निर्वासितांची जबाबदारी प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्य व पुनर्वसन संघटनेने व नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने घेतली. १९४६ मध्ये बालाचडी येथील मुलेही वळिवड्यास आली.

मायदेशी परत जावे काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे होता. परत जाणे म्हणजे आपल्या गावी जाणे नव्हे, तर जर्मनीकडून पोलंडला मिळालेल्या पश्चिमेकडील अनोळखी प्रदेशात वसणे, आणि तेही ज्या सत्तेने हद्दपार केले तिच्या प्रभावाखालील राज्यात. काही कुटुंबे, विशेषतः ज्यांचे आप्त पोलंडमध्ये होते ती, परत गेली. पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा केल्यावर सैनिकांची कुटुंबे तेथे गेली. इतर काही पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इ. ठिकाणी पांगली. १९४८ मध्ये वसाहत बंद झाली.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची याच बराकींतून सोय करण्यात आली आणि वसाहतीस गांधीनगर हे नाव मिळाले. आपला प्रदेश दुसऱ्या राज्यात गेलेल्या एका समाजाची जागा तशाच दुसऱ्या समाजाने घेतली. फरक एवढाच, की सिंधी निर्वासित ज्या राज्यात आले ते त्यांना नागरिक म्हणून स्वीकारणारे होते. गांधीनगर आज कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ म्हणून प्रसिद्ध आहे.

उत्तरकाल व स्मृती : सोव्हिएट संघात राहिलेल्या पोलिश लोकांपैकी पुष्कळांना १९४४–४६ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत पोलंडला पाठविण्यात आले. उरलेल्यांना सोव्हिएट राष्ट्रीयत्वांच्या उतरंडीत स्वतःचा प्रदेश मिळाला नाही. लिथुएनिया वगळता पोलिश माध्यमाच्या शाळाही जवळजवळ नाहीशा झाल्या. असे असूनही १९८९ च्या अखेरच्या सोव्हिएट जनगणनेत सु. ११,२६,००० लोकांनी आपले राष्ट्रीयत्व पोलिश नोंदविले. त्यांपैकी सु. ४,१८,००० बेलोरशियात, सु. २,५८,००० लिथुएनियात व सु. २,१९,००० युक्रेनमध्ये होते.

पोलंडमधील साम्यवादी राजवटीत हद्दपारीविषयी उघडपणे लिहिण्यास मज्जाव होता. त्यामुळे भारतातील वसाहतींची कथाही तेथे दीर्घकाळ कौटुंबिक आठवणींपुरतीच राहिली. डिसेंबर १९८९ मध्ये सोव्हिएट लोकप्रतिनिधींच्या परिषदेने १९३९ च्या गुप्त कलमांचा निषेध केला आणि एप्रिल १९९० मध्ये कातीनच्या हत्याकांडाची जबाबदारी सोव्हिएट सरकारने मान्य केली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएट संघाचे विघटन झाले. ज्या प्रजासत्ताकांची आखणी राष्ट्रीयत्वाचा प्रश्न सोडविण्यासाठी झाली होती, त्यांच्याच सीमांवरून तो संघ दुभंगला.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या माजी रहिवाशांनी संघटना स्थापून वसाहतीचा इतिहास संकलित केला. कोल्हापुरात महावीर उद्यानात या वसाहतीचे स्मारक आहे. येथेच मरण पावलेल्या पोलिश लोकांची थडगीही शहरातील दफनभूमीत जतन केलेली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये वयोवृद्ध माजी रहिवाशांनी वळिवड्यास भेट दिली व तेथे स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. वॉर्सा येथे नोव्हेंबर २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर वसाहतीचा स्मृतिफलक बसविण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे अभिवादन केले.

मूल्यमापन : बहुराष्ट्रीय राज्यात अल्पसंख्यांच्या ओळखीस कायदेशीर मान्यता देणे ही सोव्हिएट व्यवस्थेची मोठी कामगिरी होती आणि अनेक लहान समाजांना तिचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु ही मान्यता हक्काच्या स्वरूपाची नव्हती. राज्याने ती दिली, राज्याने तिची नोंद ठेवली आणि राज्याच्या गरजा बदलताच ती काढून घेतली. तिच्या रक्षणास स्वतंत्र न्यायालय, वृत्तपत्र वा संघटना नव्हती. पोलिश समाजाच्या बाबतीत जिल्हा देणे, जिल्हा मोडणे, हद्दपार करणे, माफी देणे व नागरिकत्व नाकारणे हे सर्व निर्णय त्या समाजाचे मत न विचारता अवघ्या अठरा वर्षांत झाले. वळिवड्याच्या वसाहतीत यातील काहीच देण्या-घेण्याचा अधिकार कोणाकडे नव्हता. तेथे राष्ट्रीयत्व टिकले ते शाळेचा वर्ग, चर्चची घंटा, बालवीरांची शपथ आणि घरात बोलली जाणारी भाषा यांच्या आधारे. ज्या गावी ते नेऊन रुजवावयाचे, ते गाव मात्र नकाशावर दुसऱ्याचे झाले होते.